फायबरच्या कामात नवीन आलात? आधी शेडमध्ये थर्मामीटर लावा

फायबरचं, म्हणजे काचतंतूंच्या मॅटवर रेझिन चढवून वस्तू बनवायचं, काम करणारा माणूस डोळे मिटून ओळखता येतो. भोसरीचा असो, चाकणचा असो, नाहीतर नऱ्हे-धायरीच्या एखाद्या गाळ्यातला. त्याच्या शर्टाला एक गोडसर, रबरासारखा, डोक्यात शिरणारा वास असतो. सगळे त्याला रेझिनचा वास म्हणतात. खरं तर तो स्टायरीनचा. पॉलिएस्टर रेझिनच्या कॅनमध्ये वजनाने साधारण ३५ ते ४५ टक्के स्टायरीन असतं. त्याच्यामुळे रेझिन पातळ राहतं, ब्रशने पसरतं, आणि कडक होताना हेच स्टायरीन साखळीत गुंफलं जाऊन वस्तूचा भाग बनतं. थोडं मात्र हवेत उडून जातं. वास येतो तो त्याचा, आणि आग पकडतं तेही तेच.

आयटीआय करून नुकतेच कामाला लागलेले, मंडळाच्या गणपतीसाठी मखर-मूर्ती करायला घेतलेले, किंवा दोघा-तिघांत मिळून छोटा गाळा टाकायच्या विचारात असलेले, अशांसाठी हे लिहितोय. मूर्ती सुबक कशी करायची ते तुमचे उस्ताद शिकवतीलच. मी सांगणार आहे ते गाळा जाळून न घेता काम कसं करायचं ते.

पहिली पायरी: तापमान

वजनकाटा घ्यायच्या आधी भिंतीवरचा साधा थर्मामीटर घ्या. पुण्यात बोहरी आळीत शे-दोनशेत मिळतो. माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित हत्यार तेच.

स्टायरीनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ३१ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे द्रव तेवढा तापला, की त्याच्या पृष्ठभागावर एवढी वाफ साठते की ठिणगी मिळताच ती पेट घेते. आता पुण्याचा हिशोब करा. डिसेंबरच्या सकाळी शेडमध्ये १५ अंश असतात. रेझिन मधासारखं जड, वाफ कमी. एप्रिलच्या दुपारी बाहेर ३९-४० आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. तेच पिंप, तोच माल, लेबलही तेच, पण हिवाळ्यात ते फ्लॅश पॉइंटच्या खूप खाली असतं आणि उन्हाळ्यात वर. मार्च ते जून या काळात उघडी बादली म्हणजे पेटायला तयार असलेली वस्तू, असं धरूनच चालायचं. हिवाळ्यातही निर्धास्त राहू नका, कारण शेजारी ब्रश धुवायचं ॲसिटोन असतंच. त्याचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली २० अंशांच्या आसपास आहे. पुण्यात त्याला थंडी अशी कधी लागतच नाही.

दुसरी पायरी: जागा

स्टायरीनची वाफ हवेच्या साडेतीन पटींहून जड असते. ती वर जात नाही, पाण्यासारखी खाली उतरते. फरशीवरून सरकत गटारात, खड्ड्यात, मोठ्या साच्याच्या पोटात जाऊन बसते. त्यामुळे बेसमेंटमध्ये किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये फायबरचं काम करू नका. भाडं कमी असलं तरी नको. वर माणसं राहत असतील तर अजिबात नको.

बऱ्याच शेडना छतावर ते गोल फिरणारे पंखे असतात आणि मालकाला वाटतं हवा खेळते आहे. गरम हवेपुरतं ठीक. जड वाफेसाठी एक्झॉस्ट खाली, फरशीपासून फूट-दीड फुटावर हवा, आणि समोरच्या बाजूने ताजी हवा आत यायला वाट हवी. त्या पंख्याची मोटर फ्लेमप्रूफ असावी. घरातला टेबल फॅन फरशीवर ठेवून त्याच्या तोंडाशी लॅमिनेशन, म्हणजे मॅटवर रेझिनचे थर चढवायचं काम, करणारे लोक मी पाहिलेत. साध्या मोटरमधल्या आणि साध्या स्विचमधल्या ठिणग्या आपल्याला दिसत नाहीत, वाफेला पुरतात. स्विच-बोर्ड बाहेरच्या भिंतीवर न्या.

हवेत साधारण १ टक्का स्टायरीन झालं की मिश्रण पेटण्याजोगं होतं. नाकाला मात्र त्याच्या कितीतरी आधी, दहा लाखात एखाद्या भागाहूनही कमी असताना, वास कळतो. म्हणजे वास आला म्हणून लगेच स्फोट होणार असं नाही. पण तासाभरात नाक सरावतं आणि वास येईनासा होतो, तेव्हा वास गेला म्हणून वाफही गेली असं समजू नका. पाण्याच्या टाकीसारख्या खोल साच्यात आत उतरून काम असेल तर बाहेर एक माणूस उभा हवाच, आणि आत हवा सोडणारी नळी हवी. डोकं जड वाटलं, गरगरलं, की बाहेर. कापडी मास्क किंवा रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेची कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि कार्ट्रिज वेळच्या वेळी बदलावी लागते. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्टायरीनला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं, एवढं मास्कचा कंटाळा येईल त्या दिवशी आठवा.

आणखी एक, जरा नाजूक. गाळ्यात देवाचा फोटो असतो, रोज सकाळी उदबत्ती लागते. खंडेनवमीला तर ब्रश, रोलर, कॉम्प्रेसर, सगळ्यांची पूजा आणि पिंपाला झेंडूची माळ. माळ घाला, हळदकुंकू वाहा. निरांजन आणि उदबत्ती ऑफिसच्या खोलीत. आमच्याकडे यावरून एका वर्षी थोडं वाजलं होतं. शेवटी देव्हाराच ऑफिसात हलवला आणि प्रश्न मिटला.

तिसरी पायरी: माल आणणं आणि ठेवणं

रेझिन महिन्याभरात संपेल एवढंच घ्या. स्वस्त पडतं म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर जादा पिंपं भरून ठेवू नका. कारण समजून घ्या.

स्टायरीनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट होत जातात. थर्माकोल त्याचाच बनतो. जोडताना उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने जोडणी आणखी वेगाने होते, वेग वाढला की आणखी उष्णता. हे चक्र सुरू व्हायला बाहेरून काडी लावावी लागत नाही. ते थोपवायला कंपन्या स्टायरीनमध्ये टीबीसी नावाचा रोधक घालतात, दहा लाखात साधारण १० ते १५ भाग. एवढ्याशा चिमटीवर अख्खं पिंप शांत बसलेलं असतं. हा रोधक हळूहळू खर्च होतो, उष्णतेत भराभर खर्च होतो, आणि त्याला काम करायला द्रवात विरघळलेला थोडा ऑक्सिजन लागतो. म्हणून स्टायरीन २५ अंशांच्या खाली ठेवा म्हणतात आणि टाकी काठोकाठ भरत नाहीत.

हे सगळं फसलं की काय होतं ते ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ आर. आर. वेंकटापुरम इथे दिसलं. लॉकडाऊनमुळे कारखाना महिनाभराहून जास्त काळ बंद होता. टाकीत स्टायरीन पडून होतं. त्यात कोणी काही मिसळलं नव्हतं, आगही लागली नव्हती. टाकीतला वरचा थर तापत गेला, रोधक अपुरा पडला, आणि पहाटे तीनच्या सुमारास वाफ उसळून झोपलेल्या वस्तीत शिरली. १२ माणसं गेली, शेकडो रुग्णालयात. चौकशीत पुढे आलेल्या मुद्द्यांपैकी एक असा, की टाकीच्या वरच्या थराचं तापमान मोजायची सोयच नव्हती. खालचा आकडा ठीक दिसत होता.

आपल्याकडे हजारो लिटरच्या टाक्या नसतात, दोनशे लिटरची पिंपं आणि ३५ किलोचे कॅन असतात. पण आपला गुरुवार असतो. पिंपरी-चिंचवड, भोसरीकडे गुरुवारी वीज जाते, सुट्टी असते. शटर बंद, पंखे बंद, पत्रा तापतोय, आत पिंपं. दिवाळीला चार-पाच दिवस असंच. म्हणून पिंपं पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, दुपारनंतर ती भिंत तापते. सावलीत, हवेशीर जागेत, फरशीवर थेट न ठेवता लाकडी पॅलेटवर. नवा माल मागे, जुना पुढे. शुक्रवारी सकाळी शटर उघडलं की आधी दारं-खिडक्या, मग दहा मिनिटं थांबणं, आणि त्यानंतर लाइटचं बटण. हा क्रम अंगवळणी पाडा.

पिंपात काही बिघडतंय हे कसं ओळखायचं? काठीने वर काढलं की रेझिनची तार लांबत असेल, नेहमीपेक्षा दाट वाटत असेल, किंवा सावलीत असूनही पत्र्याला हाताची पाठ लावल्यावर उबदार लागत असेल, तर ते वापरू नका आणि पुरवठादाराला लगेच फोन करा. बुचाशी किंवा तोटीपाशी पांढरट कवच दिसलं तरी तेच. वाफेत रोधक नसतो, त्यामुळे वाफ जिथे थिजते तिथे आधी घट्ट होते आणि हवेचं भोक बुजवते. पिंप फुगलेलं दिसलं तर जवळच जाऊ नका, बूच उघडणं तर सोडाच.

पितळी तोटी बसवायची नाही. तांबं-पितळेने स्टायरीन बिघडतं. लोखंडी किंवा स्टेनलेसची चालते, पण गंज खाल्लेली नको.

रेझिन कडक करणारा हार्डनर, म्हणजे एमईकेपी, हा वेगळ्याच जातीचा प्राणी. हा सेंद्रिय पेरॉक्साइड आहे. स्वतःचा ऑक्सिजन पोटात घेऊन फिरतो आणि ६० अंशांच्या आसपास आपणहून विघटन पावायला लागतो. म्हणून तो रेझिनच्या खोलीत ठेवायचा नाही, उन्हात तापलेल्या टेम्पोच्या डॅशबोर्डवर तर नाहीच. मूळ प्लॅस्टिकच्या बाटलीत, वायू निसटायला फट असलेल्या त्याच्याच झाकणात, थंड जागी. बिसलेरीच्या बाटलीत ओतून ठेवणाऱ्याला आमच्याकडे त्याच दिवशी घरी पाठवतात. पाण्यासारखा दिसतो, कोणीही तोंडाला लावेल. घरच्या फ्रिजमध्येही नको.

कोबाल्ट, म्हणजे हे कडक होणं वेगात आणणारा ॲक्सिलरेटर, जांभळा असतो. त्याचं कपाट तिसरं. का ते पुढच्या पायरीत.

चौथी पायरी: मिसळणं

इथे सावकाश वाचा.

कोबाल्ट आणि हार्डनर यांची थेट भेट कधीही होऊ द्यायची नाही. एका मापात नाही, एका सिरिंजने नाही, एका फडक्यावरही नाही. दोन्ही थेट एकत्र आले की भडका उडतो, कधी स्फोट. क्रम असा: आधी रेझिनमध्ये कोबाल्ट, रंग एकसारखा होईपर्यंत ढवळायचं, थांबायचं, आणि नंतर हार्डनर. जमलं तर कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन विकत घ्या. किलोमागे थोडे पैसे जास्त जातात, पण गाळ्यात जांभळी बाटलीच राहत नाही. नवख्या माणसाने पहिलं वर्षभर तेच वापरावं असं माझं मत.

हार्डनरचं प्रमाण साधारण १ ते २ टक्के. १ किलो रेझिनला १ टक्का म्हणजे १० ग्रॅम. अंदाजाने झाकणभर ओतायचं नाही, सिरिंजने किंवा काट्यावर मोजायचं. चष्मा लावल्याशिवाय ती बाटली उघडायची नाही. डोळ्यात एक थेंब गेला तरी नजर जाऊ शकते. गेलाच तर त्या क्षणी नळाखाली डोळा धरून किमान १५-२० मिनिटं धुवा आणि मग दवाखाना. आधी दवाखाना करत बसू नका.

उरलेला हार्डनर परत बाटलीत ओतायचा नाही. त्यात रेझिनचा, गंजाचा, कोबाल्टचा एक कणही गेला तर बाटलीच्या पोटात काय सुरू होईल सांगता येत नाही. सांडला तर लाकडाचा भुसा टाकू नका, तो पेटू शकतो. ओलसर वाळूने टिपा आणि ती वाळू गाळ्याबाहेर न्या.

आता तापमान पुन्हा. ढोबळ हिशोब असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की रेझिन जमायचा, म्हणजे घट्ट व्हायचा, वेळ निम्म्यावर येतो. आमच्या वहीत एकाच रेझिनच्या दोन नोंदी आहेत. डिसेंबर, शेड १५ अंश, १ टक्का हार्डनर: ४० मिनिटं. एप्रिल, शेड ३८ अंश, तेवढाच हार्डनर: ८ मिनिटं. म्हणून रोज सकाळी, आणि उन्हाळ्यात जेवणानंतर पुन्हा, एक चाचणी घ्या. कागदी कपात १०० ग्रॅम रेझिन, १ ग्रॅम हार्डनर, एक मिनिट काडीने ढवळायचं आणि घड्याळ लावायचं. काडी उचलत राहा. आधी थेंब पडतात, मग पाकासारखी एकतारी सुटते, मग एकदम जेलीसारखा तुकडा उचलला जातो. तो वेळ वहीत लिहा. त्या वेळेच्या निम्म्यात ब्रशने संपेल एवढंच रेझिन बादलीत घ्यायचं.

उन्हाळ्यात वेळ वाढवायला हार्डनर १ टक्क्याच्या खाली नेऊ नका, माल कच्चा राहतो. घाणी, म्हणजे एका वेळी मिसळायचा माल, लहान घ्या, सकाळी सातला काम सुरू करा, आणि पुरवठादाराला कमी कोबाल्टचं उन्हाळी रेझिन मागा.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तरी मी ऐकलं नव्हतं. एका मंडळाच्या मखराचे खांब होते. मी प्लॅस्टिकच्या बादलीत चार किलो रेझिन घेतलं, हार्डनर घातला, दोन हात मारले आणि कोणीतरी चहाची हाक दिली. आलो तेव्हा बादलीतून पांढरा धूर निघत होता. रेझिन पिवळं पडून तडकत होतं, आणि बादलीचं बूड मऊ होऊन शहाबादी फरशीला चिकटलं होतं. उचलायला गेलो तर कडी हातात आली. मामा, म्हणजे आमचे उस्ताद, धावत आले. त्यांनी मला बाजूला ढकललं, बादलीवर पाणी ओतलं आणि शेजारची मॅटची गुंडाळी पायाने लांब लोटली. मग विचारलं, “शेडचं टेंपरेचर किती होतं?” मला सांगता येईना. फरशीवरचा तो गोल डाग अजून आहे.

मॅटवर पातळ पसरलेल्या रेझिनची उष्णता हवेत निघून जाते. बादलीतल्या गोळ्याची आतच कोंडते आणि मधला भाग दीडशे अंशांच्याही वर जाऊ शकतो. त्यामुळे हार्डनर घातलेलं रेझिन उरलं तर बादलीत सोडू नका. बाहेर नेऊन पत्र्याच्या ट्रेमध्ये पातळ ओता. बादलीतच पकडायला लागलं असेल तर उघड्यावर नेऊन वर पाणी घाला. गरम लागत असेल तर उचलायचा मोह टाळा आणि आहे तिथेच पाणी ओता.

पाचवी पायरी: धुणं, घासणं, ओतणं

ब्रश धुवायला ॲसिटोन लागतं. झाकणाच्या लहान पत्र्याच्या डब्यात ते घ्या, उघड्या बादलीत नको. पिंपातून ओतताना पिंप आणि डबा तांब्याच्या वायरने जोडा आणि पिंप अर्थिंगला. तेवढ्या कामापुरतं तांबं बाहेरून चालतं. धारेने ओतताना स्थिर वीज साठते. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट होतं, तीच. प्लॅस्टिकच्या बादलीत ओतलं की तिला निघून जायला वाट राहत नाही. ॲसिटोन आणि हार्डनरही एकमेकांपासून लांब ठेवा. ब्रश धुतलेल्या ॲसिटोनमध्ये ‘थोडा हार्डनर टाकून बघू’ असले प्रयोग जिवावर बेतणारे.

ग्राइंडर आणि वेल्डिंग ओल्या कामाच्या खोलीत नाही. रिकाम्या पिंपाला वेल्डिंग किंवा कटर लावू नका. रिकामं पिंप भरलेल्यापेक्षा वाईट, कारण त्यात सगळी वाफच असते.

सहावी पायरी: पेटलंच तर

बादलीएवढी आग असेल, पाठीमागे दार मोकळं असेल आणि हातात एबीसी पावडरचा किंवा फोमचा सिलिंडर असेल, तरच एकदा प्रयत्न करा. पाण्याचा फवारा थेट पेटत्या रेझिनवर मारायचा नाही. स्टायरीन पाण्यापेक्षा हलकं असतं, पाण्यावर तरंगतं, आणि आग फरशीभर पसरते. पाणी वापरायचं ते शेजारची पिंपं थंड ठेवायला, लांबून. हार्डनरच्या कपाटापर्यंत आग पोहोचत असेल तर सगळं सोडून बाहेर. १०१ किंवा ११२ लावा आणि फोनवर पहिल्या वाक्यात सांगा: “रेझिन आहे, पेरॉक्साइड आहे, इतकी पिंपं आहेत.” बंब फोम घेऊन निघायचा की नुसतं पाणी, हे त्यावर ठरतं.

७ जून २०२१ ला मुळशीतल्या उरवडे इथे रसायनांच्या कारखान्याला आग लागून १७ कामगार गेले, त्यात बहुतेक बायका. रसायन वेगळं होतं. पण तेव्हापासून आमच्या गाळ्यात मागच्या दाराला आतून कुलूप नसतं आणि त्या वाटेत एकही साचा ठेवत नाहीत, अगदी गणपतीच्या गर्दीतसुद्धा. चोरीची भीती मला मान्य आहे. बाहेरून कुलूप लावा, पण आत माणूस असताना नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: पुरवठादाराकडून प्रत्येक मालाचं सुरक्षा-पत्रक मागून घ्या, अग्निशमनचा दाखला काढा, आणि साठा किती ठेवता येतो ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे विचारा.

सातवी पायरी: कुलूप लावायच्या आधी

रेझिन-हार्डनरची फडकी, मॅटचे ओले तुकडे, कपातले गोळे हे सगळं कोपऱ्यातल्या खोक्यात टाकून घरी जाणं हे गाळे जळण्याचं नेहमीचं कारण. ढिगाच्या आत उष्णता धरून राहते आणि रात्री दहाला, कोणी नसताना, धुमसायला लागते. त्यांना पत्र्याचा, झाकणाचा, पाणी घातलेला डबा ठेवा, तोही शेडच्या बाहेर. हा कचरा घंटागाडीत टाकायचा नसतो. धोकादायक कचऱ्यासाठी रांजणगावला सामायिक केंद्र आहे, तिकडे कसा पाठवायचा ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवान्यात असतं.

शेवटची घाणी आणि कुलूप यांच्यामध्ये किमान तासभर ठेवा. त्या तासात झाडलोट करा, हिशोब लिहा. मग प्रत्येक बादली, ट्रे आणि साच्यातल्या जाड कोपऱ्यावरून हाताची पाठ फिरवा, न टेकवता. ऊब लागली तर थांबायचं, कोणाची बस चुकली तरी.

बुधवारी संध्याकाळी एक काम जास्तीचं. पिंपांच्या भोवती फिरून प्रत्येकाला वर आणि खाली, दोन्हीकडे हात लावायचा. वहीत तारीख, शेडचं तापमान, कुठलं पिंप किती जुनं ते लिहायचं. मग मेन स्विच पाडायचा आणि कुलूप लावायचं.